‘त्रास’ म्हणजे नेमकं काय?

तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचं शब्दांकन. भाषणात आलेल्या व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘परदेशात मानसशास्त्र : करिअरच्या संधी’ असा छापलाय. संधींबद्दल शेवटी थोडं बोलेन. त्याआधी मी करते त्या एका कामाबद्दल सांगायचं आहे. त्याचं नाव काढलं की सोलापूरचे माझे मामू अजूनही विचारतात, “म्हणजे तू वेडाचं सर्टिफिकेट देतेस का गं?”

तसं सर्टिफिकेट मी देत नाही. मी न्यू जर्सीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. आठवड्याचे चार दिवस नेहमीचे पेशंट बघते. पाचव्या दिवशी इमिग्रेशनच्या खटल्यांसाठी लोकांची मानसशास्त्रीय तपासणी करते. कुणी अमेरिकेत असायलम, म्हणजे आश्रय मागितलेला असतो. कुणाला देशाबाहेर काढण्याची नोटीस आलेली असते. एखादी बाई मारकुट्या नवऱ्यापासून सुटून स्वतःच्या नावावर राहण्याची परवानगी मागत असते. त्यांचा वकील मला फोन करतो. मी त्या माणसाबरोबर दोन-तीन बैठका घेते, एकूण पाच-सहा तास. मग दहा-बारा पानांचा अहवाल लिहिते आणि शपथेवर सही करते. क्वचित न्यायाधीशासमोर उलटतपासणीलाही उभी राहते.

अहवालात काय नसतं, ते आधी सांगते. ‘या माणसाची गोष्ट खरी आहे’ असं मी लिहीत नाही. मी तिथे नव्हते. ‘याला आश्रय द्या’ असंही लिहीत नाही, ते न्यायाधीशाचं काम. मी एवढंच लिहिते की या माणसाची आजची मानसिक अवस्था अशी आहे, मी ती अशा रीतीने तपासली, आणि तो जे घडलं म्हणतो त्याच्याशी ही अवस्था कितपत जुळते.

‘कितपत’ हा शब्द मोघम वाटेल, पण त्यालाही मोजमाप आहे. ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ नावाची संयुक्त राष्ट्रांची एक मार्गदर्शिका आहे, छळाचे पुरावे कसे तपासावेत आणि नोंदवावेत याबद्दलची. तुर्कस्तानातल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांनी आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांनी इतर देशांतल्या डॉक्टर-वकिलांना बरोबर घेऊन ती तयार केली आणि १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांना सादर केली. २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात पायऱ्या ठरवून दिल्यात : जुळत नाही, जुळतं, खूप जुळतं, अशा घटनेनंतर नेहमी दिसतं तसंच आहे, आणि शेवटची पायरी म्हणजे दुसऱ्या कशानेही हे होऊ शकत नाही. शरीरावरच्या एखाद्या विशिष्ट भाजल्याच्या खुणेबद्दल डॉक्टर कधीमधी त्या शेवटच्या पायरीवर जातात. मनाच्या बाबतीत मी तिथे कधीच गेलेली नाही. मनावर छाप्याचा शिक्का उमटत नाही.

याने फरक पडतो का? ‘फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स’ ही डॉक्टरांची संघटना अशा तपासण्या विनामूल्य करवून देते. तिच्या डॉक्टरांनी २००० ते २००४ या काळात तपासलेल्या अर्जदारांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निकाल लागलेल्यांपैकी ८९ टक्के लोकांना आश्रय मिळाला होता. त्याच काळातलं देशभराचं प्रमाण होतं ३७.५ टक्के. आकडा ऐकून लगेच हुरळू नका. ज्याच्यापर्यंत असा डॉक्टर पोहोचला, त्याच्यापर्यंत बहुधा वकील आधीच पोहोचलेला होता, आणि वकिलाने उभी राहील अशीच केस पुढे पाठवली होती. अमेरिकेत चोरीच्या आरोपीला ऐपत नसेल तर सरकार वकील देतं. इमिग्रेशन कोर्टात देत नाही. तिथे तुमचा वकील तुम्ही शोधायचा, पैसे तुम्ही भरायचे. त्यामुळे त्या आकड्यातला किती वाटा डॉक्टरचा आणि किती वकिलाचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण वाटा आहे, आणि तो कुठून येतो हे मला तुम्हाला समजावून सांगायचंय.

अमेरिकेच्या २००५ च्या ‘रिअल आयडी’ कायद्याप्रमाणे अर्जदाराच्या बोलण्यातली कुठलीही विसंगती त्याच्या विश्वासार्हतेविरुद्ध धरता येते. ती विसंगती मुख्य मुद्द्याशी संबंधित असलीच पाहिजे असं नाही. शिवाय बोलतानाचा आविर्भावही विचारात घेता येतो. म्हणजे पहिल्या मुलाखतीत तुम्ही म्हणालात की चार माणसं आली, दोन वर्षांनी कोर्टात म्हणालात पाच, तर प्रश्न निर्माण होतो. माराबद्दल सांगताना तुमचा चेहरा कोरा राहिला, तरीही होतो.

आता स्मृती कशी चालते ते बघा. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा पण फार महत्त्वाचा अभ्यास छापून आला. ब्रिटनमध्ये आलेल्या कोसोवो आणि बोस्नियाच्या ३९ निर्वासितांना एकाच प्रसंगाबद्दल दोनदा विचारलं, मध्ये काही आठवडे किंवा महिने जाऊ देऊन. या लोकांना तिथे राहण्याची परवानगी आधीच मिळालेली होती, खोटं बोलून मिळवण्यासारखं काही नव्हतं. तरी दोन्ही वेळच्या सांगण्यात फरक पडले. मध्यवर्ती घटनेपेक्षा आजूबाजूच्या तपशिलांत ते जास्त होते. आणि ज्यांना आघाताची लक्षणं तीव्र होती, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधलं अंतर वाढलं तसे फरकही वाढले. थोडक्यात, ज्याच्यावर जास्त बेतलंय आणि ज्याला जास्त थांबवून ठेवलंय, त्याची गोष्ट जास्त हलते. आणि इमिग्रेशन कोर्टांत आज तीस लाखांहून जास्त प्रकरणं पडून आहेत. थांबवून ठेवणं हाच तिथला नियम आहे.

न्यायाधीश हे वाचत बसत नाही. माझा अहवाल ते त्याच्या टेबलावर ठेवतो, एका विशिष्ट माणसाच्या संदर्भात.

तारखांचं एक उदाहरण देते. तुमच्यापैकी बहुतेकांना ते माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांपेक्षा लवकर कळेल. आपल्या घरात दादी काय म्हणते? “रमजानच्या आधी झालं ते,” “बकरीदच्या दुसऱ्या दिवशी.” आता अधिकारी विचारतो, कोणता महिना? रमजान २०१३ मध्ये जुलैत सुरू झाला होता, २०२३ मध्ये मार्चमध्ये. चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. माणसाला उपवास, उन्हाची काहिली, इफ्तारच्या वेळी दारावर पडलेली थाप, सगळं आठवत असतं. इंग्रजी महिना तो मनातल्या मनात हिशेब करून सांगतो आणि चुकतो. अफगाण माणसाचं आणखी अवघड. त्यांचं पूर्वीचं सरकारी वर्ष सौर हिजरी, सुरू होतं मार्चच्या विशीत. तो म्हणतो १३९४ चा हिवाळा. तो २०१५ चा डिसेंबर असू शकतो, नाहीतर २०१६ चा फेब्रुवारी. फॉर्म भरणाऱ्या कुणीतरी त्यातलं एक साल टाकलेलं असतं. जन्मतारखेची नोंदच नसल्यामुळे कितीतरी जणांच्या कागदांवर १ जानेवारी लागलेली असते. एका अफगाण शिक्षकाच्या प्रकरणात मी अहवालात अख्खं एक पान फक्त कॅलेंडरवर खर्च केलं. वकील म्हणाला, मानसशास्त्राचा यात काय संबंध? मी म्हटलं, तो तारखा कशा साठवतो हा त्याच्या स्मृतीचाच भाग आहे.

आविर्भावाचंही तसंच. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातून आलेली एक बाई माझ्याकडे होती. सोबत फुला भाषेचा दुभाषी. मी विचारलं, कशा आहात? “अल्हम्दुलिल्लाह.” झोप लागते? “अल्हम्दुलिल्लाह.” जेवण जातं? “अल्हम्दुलिल्लाह.” आधीच्या एका तपासणीच्या कागदात यावरून ‘तक्रार नाही’ अशी नोंद झालेली मी पाहिली होती. आपल्याकडे कुणी मरणाच्या दारात असला तरी आधी अल्हम्दुलिल्लाहच म्हणणार, हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या बैठकीत मी प्रश्न बदलला. फजरला उठता तेव्हा झोपेतून उठता, की जाग्याच असता? ती गप्प बसली. मग म्हणाली, फजरची अजान मी रोज वाट बघून ऐकते, तोवर पडून राहते, दिवा चालू ठेवून. हे तीन वर्षं चाललं होतं. ज्या प्रसंगाबद्दल ती बोलत होती, तो बोलताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. तिला लहानपणापासून सब्र शिकवला होता, आणि आघातानंतर मन बधिर होतं तो भाग वेगळाच. अहवालात दोन्ही लिहावं लागलं : ही बाई रडत नाही याची दोन कारणं आहेत, आणि ‘तिला काही झालं नाही’ हे त्यांपैकी एक नाही.

या कामातली सगळ्यात अप्रिय गोष्ट पहिल्या पाच मिनिटांतच सांगावी लागते. मी त्यांना सांगते की मी तुमची डॉक्टर नाही. आपण जे बोलू ते वकिलाकडे जाईल, आणि वकिलाने ठरवलं तर सरकारकडे आणि कोर्टात. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. थांबायचं असेल तर थांबू. लोक मान हलवतात आणि तासाभराने मला डॉक्टरच समजतात. कारण कुणीतरी पहिल्यांदाच तासभर शांतपणे ऐकलेलं असतं. बैठक संपवताना मी मुद्दाम दुसरं काहीतरी काढते, स्वयंपाकाचं, फुटबॉलचं. त्या प्रसंगातून बाहेर न काढता माणसाला रस्त्यावर सोडून द्यायचं नसतं. उपचार लागणार असतील तर दुसऱ्याकडे पाठवते. उपचार आणि तपासणी एकाच माणसाने करू नये, असा आमच्याकडे दंडक आहे, आणि मला तो पटतो. पेशंटच्या बाजूने असणं हे उपचार करणाऱ्याचं काम. तपासणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक पाहिजे.

आणि ‘नाही’ म्हणावं लागतं. एकदा महिन्याभराच्या अंतराने दोन वेगवेगळे तरुण माझ्याकडे आले, भारतातलेच. दोघांची गोष्ट एक, क्रम एक, हल्लेखोरांच्या तोंडची वाक्यंसुद्धा तीच. कुणा एजंटाने लिहून दिली होती. दुसऱ्या मुलाला मी म्हटलं, ती मोटारसायकल बाजूला ठेव, तू त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतंस? त्याला सांगता येईना, आणि ते विस्मरणही नव्हतं. विसरलेला माणूस शोधायला लागतो, कपाळाला आठ्या पाडतो. हा पाठांतरातली पुढची ओळ शोधत होता. दोघांच्याही वकिलांना मी कळवलं की मी अहवाल देऊ शकत नाही.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. एजंट लोक आपल्या मुलांना काय सांगतात ते माझ्या कानावर येतं. “नाव मुसलमान आहे ना, मग काम सोपं आहे. एवढं पाठ कर.” एक तर कायद्याने ते भयंकर महाग पडतं. जाणूनबुजून खोटा असायलम अर्ज केला असं न्यायाधीशाने ठरवलं, तर त्या माणसाला इमिग्रेशनचे जवळजवळ सगळे लाभ कायमचे बंद होतात. पुढे अमेरिकन मुलीशी लग्न केलं तरी ग्रीन कार्ड नाही. आणि दुसरं म्हणजे, ज्याच्या भावाला खरोखर रस्त्यात गाठून मारलं, तो जेव्हा त्याच खुर्चीत बसतो, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने तेच वाक्य आधी चार वेळा ऐकलेलं असतं. एजंटाने विकलेली ती गोष्ट कुणाची तरी असते. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

आता आपल्या भाषेकडे येते. माझ्याकडे येणाऱ्यांत मराठी बोलणारे फार थोडे. पण जी माणसं येतात त्यांच्यात बायका जास्त, आणि त्यांच्या बोलण्यात एक शब्द हटकून असतो : त्रास. “त्याचा थोडा त्रास होता.” आपल्याकडे डोकं दुखलं तरी त्रास, उन्हाचा त्रास, शेजाऱ्यांचा त्रास, आणि रॉकेल घेऊन मागे लागला तरी सासरचा त्रासच. फोनवरचा दुभाषी त्याचं ‘ट्रबल’ करतो आणि पुढे जातो. अधिकारी लिहितो : वैवाहिक कुरबुरी. “जीव नकोसा झालाय” याचं ‘कंटाळली आहे’ असं भाषांतर झालेलं मी स्वतः ऐकलंय. ते आत्महत्येच्या विचाराबद्दलचं वाक्य होतं. दखनीत “जी घबराता” म्हटलं की कुणी हृदयाची तपासणी करायला पाठवतं, कुणी ‘थोडी अस्वस्थता’ लिहितं. “अंगात भरलंय”, “बाहेरचं आहे”, “असर है” यांचं तर बोलूच नका. एखाद्या नवख्या माणसाने तो भ्रमाचा आजार म्हणून लिहून टाकला की संपलंच.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची मुलगी. नवरा एच-१बी व्हिसावर सॉफ्टवेअरमध्ये, ही एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेली. दुभाषी नको होता, आम्ही मराठीतच बोललो. मी विचारलं, मारहाण होती का? ती म्हणाली, “मारलं दोनदाच.”

त्या ‘च’चं इंग्रजी होत नाही. दोनदाच, म्हणजे त्यात सांगण्यासारखं काय आहे. मग हळूहळू बाकीचं आलं. पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. घरातून एकटीने बाहेर पडलेली नव्हती चौदा महिने. फ्रिजमधली अंडी तो मोजून जायचा. आईशी बोलताना फोन स्पीकरवर. आणि रोज एक वाक्य : “पोलिसांकडे गेलीस तर तुलाच उचलून परत पाठवतील.” यातलं काहीच तिच्या हिशेबी हिंसा नव्हतं. तिच्या दृष्टीने हिंसा फक्त ते दोन दिवस. मशिदीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी येऊन समजूत काढली होती. तिचीच. घरातलं घरात राहू दे म्हणाले.

तिला कायदा माहीत नव्हता, आणि मला वाटतं तुम्हालाही नसेल, म्हणून इथे थोडी थांबते. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल आणि छळ करत असेल, तर १९९४ च्या ‘व्हावा’ कायद्याखाली बायको त्याला न कळवता स्वतः अर्ज करू शकते. छळ म्हणजे फक्त मारहाण नाही, ‘कमालीची क्रूरता’ही त्यात येते, आणि ती मानसिक असू शकते. घटस्फोट झाला असला तरी दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. छळ करणाऱ्याने पुरवलेल्या माहितीच्या एकट्या आधारावर सरकारने तिच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा नाही, आणि तिच्या अर्जाची माहिती त्याला द्यायची नाही, असं कायद्यात आहे. एच-१बी नवऱ्याच्या बायकोला मात्र व्हावाचं दार बंद आहे, कारण नवराच कायम रहिवासी नाही. तिच्यासाठी दुसरा रस्ता म्हणजे यू व्हिसा, २००० साली आलेला. गुन्हा अमेरिकेत घडलेला हवा, तिने तपासाला मदत केली असं पोलिसांचं किंवा सरकारी वकिलाचं सहीचं पत्र हवं, आणि तिला ‘लक्षणीय शारीरिक किंवा मानसिक’ इजा झालेली हवी. या शेवटच्या अटीपाशी माझा अहवाल येतो. याशिवाय छळ सोसलेल्या एच-४ बायकांना कामाचा परवाना मागता येतो, त्याला वेगळा फॉर्म आहे. यू व्हिसा वर्षाला दहा हजारच मिळतात, त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची. तिचा अर्ज त्या रांगेत आहे. शेजारच्या फ्लॅटमधल्या एका बाईने एका रात्री पोलिसांना फोन केला होता, म्हणून सहीचं पत्र तरी मिळालं.

तिच्या अहवालात मी ‘दोनदाच’ हा शब्द देवनागरीतच लिहिला आणि खाली तीन ओळींत त्याचा अर्थ दिला.

तपासणीचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात खुर्चीत बसतो तो परदेशी माणूस नसतोच. समजा एका अमेरिकन मुलीचा नवरा व्हिसा संपल्यावर वर्षाहून जास्त राहिला. तो ग्रीन कार्डाच्या मुलाखतीसाठी मायदेशी गेला, तर १९९६ च्या कायद्याने दहा वर्षं परतायची बंदी. ती माफ करून घ्यायची, तर नागरिक असलेल्या बायकोला किंवा आईवडिलांना ‘कमालीची अडचण’ होईल हे दाखवावं लागतं. मुलं या हिशेबात थेट धरतच नाहीत. मग मी त्या मुलीला तपासते. तो गेला आणि ती इथेच राहिली तर काय होईल, ती त्याच्याबरोबर गेली तर काय होईल. कायदा म्हणतो, ताटातुटीचं नेहमीचं दुःख पुरेसं नाही. नेहमीचं दुःख! ही मोजदाद करताना मला दर वेळी लाज वाटते. माणसाने आपलं दुःख इतरांपेक्षा मोठं आहे हे सिद्ध करायचं, आणि त्यावर मी सही करायची.

हाच या सगळ्या कामाचा मोठा दोष आहे. लक्षणं असलेल्या माणसाला कागद मिळतो. पण छळ झालेल्या प्रत्येकाला आजार जडतोच असं नाही. काहींना तुरुंगातला सोबती, नमाज, शेतातलं काम, लेकरं यांनी तगवलेलं असतं. असा माणूस माझ्यासमोर ताठ बसतो, झोपतो, हसतो. त्याच्या अहवालात मला ठळकपणे लिहावं लागतं की लक्षणं नाहीत म्हणजे घटना घडली नाही, असं होत नाही. तरीही काही वकील असा अहवाल दाखलच करत नाहीत. तो माणूस मला विचारतो, “म्हणजे मी आणखी मोडायला हवं होतं का?” त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नसतं. दुसरीकडे, खरोखर मोडलेला माणूस वेळेत अर्जच करत नाही. असायलमचा अर्ज आल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. त्या प्रसंगाकडे वळूनही बघायचं नाही, हेच तर त्याच्या दुखण्याचं लक्षण. गंभीर मानसिक अवस्था हे उशिराचं कारण म्हणून कायदा मान्य करतो, पण ते कुणीतरी लिहून द्यावं लागतं.

आता संधी. पत्रिकेत छापलंय, तर सांगते. ज्यांना एमबीबीएस किंवा मानसशास्त्र करायचंय त्यांनी इस्तंबूल प्रोटोकॉल आजच वाचा. संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे आणि त्यासाठी अमेरिकेला जावं लागत नाही. कोठडीतल्या मारहाणीच्या खुणा कशा नोंदवायच्या, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही. तिकडे शिकायला जाल, तर अनेक मेडिकल कॉलेजांत विद्यार्थ्यांनी चालवलेली असायलम क्लिनिकं आहेत. पहिलं २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये सुरू झालं. अनुभवी डॉक्टर तपासतो, विद्यार्थी शेजारी बसून नोंदी घेतात आणि अहवालाचा पहिला मसुदा लिहितात. खाजगीत याच अहवालाला हजार डॉलर आणि त्याहून जास्त मोजावे लागतात, तेव्हा त्या मुलांच्या कामाची किंमत करा.

आणि जे डॉक्टर होणार नाहीत, त्यांच्यासाठी दुभाष्याचं काम आहे. असायलम ऑफिसातल्या मुलाखतीला अर्जदाराने दुभाषी स्वतः आणायचा असतो, अठरा वर्षांवरचा, आणि तो त्याचा वकील किंवा साक्षीदार असता कामा नये. मराठी, कोकणी, दखनी या तिन्हींत नीट काम करणारी माणसं मला शोधून सापडत नाहीत. शेवटी कुणाचा तरी दीर नाहीतर नणंद येते. नणंदेसमोर कोणती बाई बोलेल?

तुमच्यापैकी कुणाची बहीण लग्न होऊन परदेशी जाणार असेल, तर तिच्या पासपोर्टचा, व्हिसाचा आणि निकाहनाम्याचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा. तिचा नवरा कोणत्या व्हिसावर आहे ते तिला माहीत आहे ना, विचारा. आणि ती फोनवर ‘थोडा त्रास आहे’ म्हणाली, तर पुढचा प्रश्न विचारा.

प्रश्नोत्तरांना अर्धा तास आहे. कुणाच्या नात्यातलं प्रकरण चालू असेल तर नाव आणि केस नंबर इथे सगळ्यांसमोर सांगू नका. चहाच्या वेळी मला गाठा, विनामूल्य काम करणारे वकील कसे शोधायचे ते सांगते.